वाचकांचे प्रश्न : चंचुपात्रातली हायड्रिला आणि तळ्यातली हायड्रिला

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला या एकाच वनस्पतीविषयी आहेत. म्हणून नेहमीचे संकीर्ण प्रश्न पुढील अंकासाठी राखून हे सदर तिलाच दिले आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो हे दाखवण्यासाठी आम्ही दरवर्षी गावतळ्यातून हायड्रिला आणतो, चंचुपात्रात नरसाळ्याखाली ठेवतो आणि परीक्षानळीत बुडबुडे जमताना मुलांना दाखवतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने नुकतेच कळवले की, तिकडे या वनस्पतीवर कायद्याने बंदी आहे. हे खरे आहे का? आणि आपल्याकडे निरुपद्रवी असणारी वनस्पती तिकडे एवढी बदनाम का झाली?

उत्तर : माहिती खरी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय सरकारने उपद्रवी तणांची जी यादी केली आहे तिच्यात हायड्रिलाचे नाव असून परवान्याशिवाय ती त्या देशात आणता येत नाही, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताही येत नाही. फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी ती बाळगण्यावरही निर्बंध घातले आहेत.

ही वनस्पती मूळची आपल्याच भागातली आहे. आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती नैसर्गिकरीत्या आढळते. हायड्रिला या प्रजातीत ‘हायड्रिला व्हर्टिसिलाटा’ ही एकच जाती आहे. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन भारतातील नमुन्यांवरून झाले आणि आज रूढ असलेले नाव जॉन फोर्ब्ज रॉइल यांनी दिले, जे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्रीलंकेतून ती मत्स्यालयात शोभेसाठी म्हणून अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडातील टँपा येथे व्यापाऱ्यांच्या हातून कालव्याच्या पाण्यात पोहोचली. १९६० मध्ये ती क्रिस्टल नदीत आणि मायामीजवळच्या एका कालव्यात वाढत असल्याचे लक्षात आले. पण तिकडच्या स्थानिक एलोडिया या वनस्पतीशी तिचे इतके साम्य आहे की, पुढची काही वर्षे तिला एलोडियाच समजले जात होते, आणि खरी ओळख पटेपर्यंत तिने बरेच पाणी व्यापले होते. १९९० नंतरच्या दशकात फ्लोरिडातील सुमारे १,४०,००० एकर पाण्यात ती पसरली होती. पुढे केलेल्या आनुवंशिक तपासणीत फ्लोरिडातील झाडे बंगळूरहून घेतलेल्या नमुन्याला सर्वांत जवळची निघाली, तर उत्तरेकडच्या राज्यांत पसरलेला दुसरा वाण कोरियातील नमुन्याशी जुळला.

तिच्या या पसरण्यामागचे निम्मे रहस्य तुमच्या प्रयोगातच आहे. चंचुपात्रात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात, हे तुम्ही मुलांना दाखवत असाल. ते वाढतात, कारण हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरच अवलंबून राहत नाही, तर बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकते. भर उन्हात दाट वाढलेल्या तळ्यात दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपलेला असतो, तेव्हा इतर पाणवनस्पतींची वाढ मंदावते आणि हायड्रिला मात्र मक्यात किंवा उसात आढळते तशा धर्तीची कार्बन साठवण्याची दुसरी रीत सुरू करते. मका आणि ऊस यांच्या पानांत त्यासाठी दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी असतात. हायड्रिलाचे पान तर अवघे दोन पेशींच्या जाडीचे असते आणि ती हे काम एकाच पेशीत उरकते. त्यातच तिला प्रकाश फारच कमी लागतो. पूर्ण सूर्यप्रकाशाचा शंभरावा हिस्सा मिळाला तरी तिचे भागते, त्यामुळे इतरांना अंधारी वाटणाऱ्या खोलीवरही ती रुजते आणि अनुकूल काळात दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर या वेगाने वर येते. पृष्ठभागाशी पोहोचली की ती फांद्यांची दाट जाळी पसरते. मग जवळपास निम्मे वस्तुमान वरच्या अर्ध्या मीटर पाण्यात असते आणि खाली कोणालाच ऊन मिळत नाही.

पुनरुत्पादनाची तर तिला कसलीच अडचण नाही. पानांचे एकच मंडल, म्हणजे खोडाभोवती एका पातळीवर आलेले पानांचे एक कडे, असलेला तुकडाही नवे रोप होऊ शकतो, म्हणून नौकेच्या पंख्याने कापली गेली की ती वाढतच जाते. शिवाय पानांच्या बेचक्यांत घट्ट कळीसारख्या गाठी तयार होतात आणि गाळात कंद. गाळातले कंद काही वर्षे जिवंत राहतात. वरचे पाणी साफ केले, विष टाकले, तळे आटवले, तरी पुढच्या हंगामात खालून कोंब फुटतात. फ्लोरिडात पोहोचलेला वाण केवळ मादी झाडांचा आहे, म्हणजे तिथे बी तयार होतच नाही. तरीही एवढा विस्तार झाला.

आता आपल्या तळ्यांकडे येऊ. ती इथे निरुपद्रवी आहे असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण बारमाही कालव्यांत आणि खतावलेल्या मत्स्यतळ्यांत ती इकडेही तण ठरते. पण गावतळ्यात तिला आवर घालणारी मंडळी आहेत. तिचे पान आतून पोखरणाऱ्या बारीक माश्या आहेत. ‘बेगस अफिनिस’ नावाचा एक सोंडकिडा आहे, जो ओसरत्या पाण्याच्या काठाला कुजक्या लाकडाच्या तुकड्यांत अंडी घालतो आणि ज्याच्या अळ्या उघड्या पडलेल्या गाळात शिरून थेट कंद खातात. अमेरिकेने माश्या आणि हा सोंडकिडा, दोन्ही भारतीय उपखंडातून नेऊन १९८७ मध्ये फ्लोरिडात सोडले. माश्या टिकल्या, जरी त्यांनी तणाचा बंदोबस्त केला नाही. सोंडकिडा मात्र टिकला नाही, कारण त्याला वैशाख हवा आणि फ्लोरिडातील तळी सहसा आटत नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका किड्यात बरेचसे सामावले आहे. वनस्पती तीच गेली. तिच्यासोबत आटणारे तळे गेले नाही.

प्रयोग जरूर करा. फक्त काम झाल्यावर हायड्रिला ज्या तळ्यातून आणली त्याच तळ्यात परत टाका किंवा वाळवून कुजवा. ओढ्यात किंवा पाटात सोडू नका.

प्रश्न : मी मध्य फ्लोरिडात राहतो. आमच्या वसाहतीलगतच्या तलावात हायड्रिला मारण्यासाठी दरवर्षी रसायन सोडले जाते आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो. घरमालकांना ती नको आहे, तर बास मासा धरणारे आणि बदकांची शिकार करणारे म्हणतात की ती राहू द्या. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही, आपापल्या मर्यादेत. तलावाच्या काही भागात हायड्रिला असेल तर पिलांना लपायला जागा मिळते, त्यांना खाणाऱ्या बासला शिकार मिळते आणि बदकांना चारा मिळतो. पण ती सगळा तलाव व्यापते तेव्हा भक्ष्य सापडेनासे झाल्यामुळे मोठ्या माशांची वाढ खुंटते, दुपारी पृष्ठभागाचे पाणी तापून त्याचा सामू चढतो आणि पहाटे जाळीखालच्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही. म्हणून फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याने काही मोठ्या तलावांत तिचा समूळ नाश करण्याचा आग्रह सोडून तिचे प्रमाण राखण्याचे धोरण घेतले आहे. मला हे धोरण शहाणपणाचे वाटते, कारण समूळ नाश करण्याचा प्रयोग तुमच्याच राज्यात करून झाला आहे.

फ्लुरिडोन हे तणनाशक १९८६ पासून वापरात आहे. पाण्यात अगदी अल्प प्रमाणात मिसळले तरी ते हायड्रिला मारत असे आणि इतर वनस्पतींना त्यामानाने कमी त्रास होत असे. इतके सोयीचे औषध मिळाल्यावर वर्षानुवर्षे तेच वापरले गेले. २००० च्या सुमारास मध्य फ्लोरिडातील काही तलावांत मात्रा वाढवूनही हायड्रिला मरेना. तपासात दिसले की, रंगद्रव्य बनवणाऱ्या एका विकरातील एकच घटक बदलल्यामुळे औषध लागू पडत नव्हते. बी धरणाऱ्या तणांत असा प्रतिकार निर्माण होणे नवे नाही, पण ही सगळी झाडे एका मादीच्या तुकड्यांपासून वाढलेली, त्यांच्यात संकर होतच नाही, म्हणून असे काही घडणार नाही असा तज्ज्ञांचा होरा होता. तो चुकला. कोट्यवधी तुकड्यांपैकी एखाद्या फांदीच्या पेशीत झालेला बदल औषधाच्या माऱ्यात तगून राहण्यास पुरेसा ठरला.

शिवाय रसायन एकदम सगळीकडे टाकून मोठा साठा एकाच वेळी मारला, तर कुजण्यात ऑक्सिजन खर्च होऊन मासे गुदमरतात. म्हणून टप्प्याटप्प्याने, काही पट्टे सोडून उपचार करतात. तुमच्या वसाहतीत तसे केले जाते का, हे अवश्य विचारा.

तिला राहू द्या म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १९९४ च्या हिवाळ्यात आर्कान्सॉ राज्यातील डीग्रे तलावाच्या परिसरात पांढऱ्या डोक्याचे गरुड, म्हणजे अमेरिकेच्या राजमुद्रेवरचे गरुड, भेलकांडत कड्यांवर आपटून मरू लागले. त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या पडलेल्या होत्या. त्या हिवाळ्यात तेथे २९ गरुड दगावले. कारण सापडायला पाव शतक लागले. हायड्रिलाच्या पानांच्या खालच्या बाजूला एक नीलहरित जिवाणू वसाहत करतो, हायड्रिला आपल्या अंगात ब्रोमाइड साठवते आणि ते ब्रोमाइड वापरून हा जिवाणू एक चेताविष बनवतो. आपल्याकडच्या चांदव्याचा, ज्याला वारकरी असेही म्हणतात, जो अमेरिकी भाऊबंद आहे, तो पाणपक्षी ही हायड्रिला खातो. विषाने मंदावलेला चांदवा गरुडाच्या हाती सहज लागतो. जिवाणूला संशोधकांनी ‘एटोक्थोनोस हायड्रिलिकोला’, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडमारक, असे नाव दिले आणि विषाची रासायनिक ओळख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हायड्रिला मारण्यासाठी वापरले जाणारे डायक्वाट हे तणनाशक स्वतःच ब्रोमाइडचे संयुग आहे, आणि ब्रोमाइडचा एक स्रोत तेही असू शकते असे या संशोधकांनी सुचवले आहे. तुमच्या तलावात असा जिवाणू आहेच असे नव्हे. पण बदकांसाठी हायड्रिला राखायची असेल, तर पानांची तपासणी करून घेण्याची मागणी शिकाऱ्यांनीच करायला हवी.

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था गोंदिया जिल्ह्यात आहे. तलावातील शेवाळ आणि पाणवनस्पती वाढल्या की जाळे ओढता येत नाही. गवत्या मासा सोडला तर साफ होईल असे काही जण सांगतात, तर काही म्हणतात की वनस्पती लावा, म्हणजे मासे वाढतील. आम्ही काय करावे?

उत्तर : दुसरा सल्ला देणारे तुमच्या शेजारचेच असावेत. भंडारा-गोंदिया भागातील माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या, तलावांत गेल्या काही वर्षांत ढीवर समाजातील स्त्रियांनी उन्हाळ्यात बेशरमाची झुडपे उपटून काढली, तळ नांगरला आणि पावसाच्या सुरुवातीला हायड्रिलासह अनेक स्थानिक पाणवनस्पती मुद्दाम लावल्या, कारण देशी माशांना अंडी घालायला आणि पिलांना वाढायला त्यांचाच आधार असतो. फ्लोरिडात लक्षावधी डॉलर खर्चून जी उपटली जाते, तीच इथे चिखलात उभे राहून हाताने लावली जाते. यात विसंगती काहीही नाही. या तलावांचे पाणी शेतीला जाते, उन्हाळ्यात ओसरते, गाळ उघडा पडतो, आणि हायड्रिलाला आपला पसारा दरवर्षी नव्याने मांडावा लागतो.

गवत्याविषयी मात्र सावध राहा. हा मासा १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आणला गेला आणि कटला, रोहू, मृगळ यांच्यासोबत शेततळ्यात तो उपयोगीही आहे, कारण तिथे चारा तुम्हीच टाकता आणि हंगामाअखेर सगळे मासे काढता. हायड्रिला हे त्याचे आवडते खाद्य आहे. अडचण अशी की, ती संपल्यावर तो थांबत नाही. अमेरिकेत टेक्सासमधील कॉनरो तलावात १९८१-८२ मध्ये २,७०,००० गवत्ये सोडले आणि १९८३ पर्यंत पाण्याखालची एकही वनस्पती शिल्लक राहिली नाही. हायड्रिला गेली, तशा बाकीच्याही गेल्या. तिथून पुढे अनेक राज्यांनी केवळ वांझ गवत्यालाच परवानगी दिली. अंड्यांवर दाब देऊन किंवा त्यांना उष्णतेचा धक्का देऊन गुणसूत्रांचा तिसरा संच राखला जातो, त्यामुळे तो पिले देत नाही, खातो मात्र तितकेच.

तुमच्या तलावात देशी मासे धरून पोट भरायचे असेल, तर जाळे ओढण्याच्या वाटा तेवढ्या दाताळ्याने मोकळ्या करा आणि काठाकडचे पट्टे राहू द्या. काढलेला माल पाण्यात पुन्हा लोटू नका. बांधावर आणून टाका. शेवाळाची गोष्ट निराळी आहे. पाण्यावर हिरवा तवंग धरत असेल, तर तलावात वरून खत किंवा सांडपाणी येते आहे असे समजा, आणि त्याला गवत्या हा उपाय नाही.

प्रश्न : हायड्रिला पाण्यातील जड धातू शोषून घेते असे वाचले. पुण्याजवळच्या आमच्या सोसायटीच्या मागील तळ्यात सांडपाणी मिसळते. त्यात हायड्रिला सोडून पाणी स्वच्छ करता येईल का? आणि तिचे खत किंवा बायोगॅस करता येतो का?

उत्तर : वाचलेले बरोबर आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, पारा आणि आर्सेनिक हायड्रिला पानांतून आणि खोडातून शोषते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आर्सेनिकच्या माऱ्यात ती तग कशी धरते यावर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झाले आहे. वाळवून भुकटी केलेली हायड्रिलाही द्रावणातील शिसे, कॅडमियम पकडून ठेवते. म्हणजे जिवंत झाड लागतेच असे नाही, आणि मला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक आशादायक वाटतो, कारण उपसून काढलेला माल त्यात कामी येतो आणि नवी लागवड करावी लागत नाही.

परंतु शोषून घेणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. धातू वनस्पतीच्या अंगात राहतात आणि ती कुजली की तळ्यात परततात. नत्र आणि स्फुरद यांचेही तसेच, किंबहुना थोडे वाईटच, कारण हायड्रिला मुळांवाटे गाळातील स्फुरद उचलते आणि मेल्यावर ते वरच्या पाण्यात सोडते. वेळोवेळी कापून बाहेर काढणार नसाल, तर तिच्याकडून सफाईची अपेक्षा व्यर्थ आहे. कापून काढण्याचा हिशेबही मांडून पाहा. ओल्या हायड्रिलात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. दहा टन माल काढला, तर सुका एक टनही भरत नाही. सुक्या वजनात नत्र दोन-तीन टक्के धरले, तर वीस किलोच्या आसपास, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत असते तेवढे, नत्र तुम्ही तळ्यातून काढले. सोसायटीचे सांडपाणी रोज येत असेल तर ते किती दिवसांत भरून निघेल, हे वेगळे सांगायला नको. आधी सांडपाणी अडवा.

खत आणि बायोगॅस दोन्ही होते. ओल्या मालात पाणी फार असल्याने तो दोन-तीन दिवस उन्हात सुकवावा लागतो, मग शेण आणि भुसा यांच्यासोबत चांगला कुजतो. मात्र ज्या तळ्यात कारखान्याचे पाणी येते, तिथल्या हायड्रिलाचे खत भाजीपाल्याला वापरू नका आणि ती जनावरांनाही घालू नका; धातू शोषण्याचा जो गुण आपण वाखाणतो, तोच इथे आडवा येतो.

तिच्यामुळे नदी सुधारल्याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते, त्याचाही उल्लेख करतो. वॉशिंग्टन शहराखालच्या पोटोमॅक नदीत कित्येक दशके पाण्याखालची वनस्पती उरली नव्हती. १९८२ मध्ये तिथे हायड्रिला सापडली, लोक धास्तावले, पण पुढच्या काही वर्षांत पाणी निवळले, बदके परतली आणि मागोमाग स्थानिक वनस्पतीही आल्या. एवढे सांगून बरेच जण थांबतात. त्याच काळात शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नदीत जाणारे स्फुरद आणि पुढे नत्र मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले होते, आणि दीर्घकाळच्या नोंदी पाहता वनस्पतींच्या पुनरागमनाचे मुख्य श्रेय त्याला जाते. हायड्रिलाने गाळ खाली बसवायला मदत केली, हे मान्य करायला हरकत नाही.

प्रश्न : मत्स्यालयाच्या दुकानात हायड्रिलासारख्या दिसणाऱ्या तीन-चार वनस्पती मिळतात. त्या ओळखाव्या कशा?

उत्तर : एका मंडलातील पाने मोजा. एलोडियात बहुधा तीन असतात, एजेरियात चार आणि हायड्रिलात चार ते आठ. हायड्रिलाच्या पानाच्या कडा दातेरी असतात आणि बोटांत धरून ओढल्यास ती खरखरीत लागते. गाळात कंद सापडला, तर ती हायड्रिलाच. उरलेल्या दोघींना कंद येत नाहीत. पिसांसारखी बारीक चिरलेली पाने असलेली कॅबोम्बाही दुकानांत असते. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली असून केरळच्या पाण्यात आधीच पसरली आहे, तेव्हा मत्स्यालय साफ करताना तिचे तुकडे गटारात न टाकता कुंडीतल्या मातीत पुरावेत.